तुझं गंगावन

वहिनी, दार मी लावून घेतलं होतं. हे आधी सांगून टाकते, कारण गल्लीतल्या बाया अजून माझ्यावर फुगून आहेत आणि त्यांची बाजू तुझ्यापर्यंत पोचायच्या आत माझी पोचलेली बरी. दवाखान्यातून तुला फुलचूरच्या घरी आणलं, पुढच्या खोलीत सतरंजीवर ठेवलं, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अंगणात पाणी तापत होतं. पांढरं लुगडं आणायला दादानं कोणाला तरी गोंदियाच्या बाजारात पिटाळलं होतं. तुला आंघोळ घालायला चार-पाच जणी पदर खोचून उठल्या आणि त्यातल्या एकीनं तुझ्या वेणीकडे हात नेत म्हटलं, "आधी केस सोडा जी हिचे. केसावरून पानी गेलं पाह्यजे." मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला असणार, कारण ती माझ्याकडे बघतच राहिली.

मी म्हटलं, मी आणि आई करतो, तुम्ही बाहेर बसा. मयताच्या घरी असं कोणी बोलत नाही हे मला कळतं. तुझी शेजारची भाभी, जिच्याशी तू रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहून बोलायचीस, ती रडत रडत म्हणाली, "दीदी, हम क्या पराये हैं? दरवाज़ा क्यों बंद कर रही हो?" तिला मी काय सांगणार होते? सगळ्यांना बाहेर काढलं आणि कडी लावली.

आत तू, मी आणि आई. तुझी ती कमरेपर्यंतची वेणी, जिचं कौतुक लग्नाकार्यात बाया करायच्या, ती मानेखाली तुझी नव्हती. ते गंगावन होतं, बाजारात मिळणारे केस, आपल्या केसांत गुंफून वेणी लांब करायचे. हे आम्हा दोघींना माहीत होतं. दादाला माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. नवरा-बायकोत काय माहीत असतं आणि काय माहीत नाही असं दाखवलं जातं, ते नणदेनं विचारू नये. पण बाहेरच्या एकाही माणसानं तुला वेणीवाचून पाहिलं नव्हतं. आणि आता थोड्या वेळानं दार उघडायचं होतं, तुला अंगणात न्यायचं होतं, सगळं गाव तुझ्या तोंडाकडे बघणार होतं. तुला गंगावनासकट पाठवायचं की गंगावनाशिवाय, हे मला ठरवायचं होतं. तू सांगून गेली नव्हतीस. म्हणजे सांगितलं होतंस, पण असं, की त्याचा अर्थ दोन्हीकडून लागावा. ही तुझी जुनी खोड.

तू लग्न होऊन आपल्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या घरी आलीस तो नव्व्याण्णव सालचा उन्हाळा. मी दहावीत जाणार होते आणि घरात वहिनी आली म्हणून माझे पाय जमिनीवर नव्हते. पाहुणे गेले, बाबा आणि दादा मांडवाची भांडी परत द्यायला निघाले, तेव्हा तू न्हाणीत गेलीस. गंगावन काढून बाहेर सरपणाच्या ढिगावर ठेवलंस, वर टॉवेल टाकलास. टॉवेल घसरला. आई काड्या घ्यायला आली आणि तिला सरपणात काहीतरी काळं, लांब, वळलेलं दिसलं. आपल्याकडे धानाच्या बांधीतून उंदरामागे साप थेट चुलीपर्यंत येतो, माणसाच्या मनात पहिलं तेच येतं.

"जनावर! पोरी, जनावर निंगालं, काठी आन!"

मी काठी घेऊन धावले. आईनं ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि त्या ढिगावर असे काही तडाखे हाणले की काड्या उडून अंगणभर झाल्या. जनावर हललं नाही. मग तिनं ते काठीच्या टोकावर उचललं, आणि त्याच्या शेपटाला लाल गोंडा होता. मला हसू आलं, वहिनी. पंधरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय येणार? पण तेवढ्यात न्हाणीचं दार उघडलं आणि तू परकर छातीशी बांधून दारात उभी होतीस, ओले केस मानेला चिकटलेले, वीतभर, विरळ. लहानपणच्या टायफॉइडनं गेलेले केस पुन्हा धड आलेच नाहीत, हे तू मला पुष्कळ नंतर सांगितलंस. आई तुझ्याकडे बघत राहिली, काठी तशीच धरून.

"असं आहे काय," ती म्हणाली आणि गंगावन तुझ्या पायाशी टाकलं.

आईनं ते कोणाला सांगितलं नाही, याचं श्रेय तिला देते. पण तिनं ते वापरलं. "जनावर बांधलं काय?" असं ती सकाळी चुलीपाशी विचारायची, चारचौघांत विचारायची. बाहेरच्यांना वाटायचं गोठ्याची चौकशी चालली आहे. तू "हाव" म्हणायचीस आणि पीठ मळत राहायचीस. भाजीत मीठ कमी पडलं की "खोट्याचं खोटंच" म्हणायची. मला ते आधी गमतीचं वाटायचं, मग कानाला टोचायला लागलं, आणि मग मी आईशी भांडायला लागले. त्यानं तुझं काही भलं झालं नाही. मी भांडले की दुसऱ्या दिवशी तुला दुप्पट ऐकावं लागायचं, आणि तू मला म्हणायचीस, "करुणाबाई, तुमी नोका बोलत जाऊ मायासाठी." करुणाबाई म्हटलंस की समजायचं, आज वहिनी चिडली आहे.

बारावीच्या सुट्टीत मी विहारातल्या श्रामणेरी शिबिराला बसले, थोडे दिवस भिक्खुणीसारखं राहायला. मुलींना मुंडनाची सक्ती नव्हती. बहुतेकींनी खांद्यापर्यंत कापून घेतले आणि काम भागवलं. मी मात्र बसले वस्तऱ्याखाली. थोडा हट्ट होता, खोटं कशाला बोलू, पण नुसता हट्ट नव्हता. कापलेले केस ओंजळीत दिले आणि भन्तेजी म्हणाले, बघा, मघापर्यंत याला तुम्ही 'मी' म्हणत होतात. ते माझ्या मनात बसलं. चीवर घालून पहाटे भिक्षेला निघालो की टाळूला वारा लागायचा, तो मला अजून आठवतो. घरी आले तर आईनं कपाळ बडवून घेतलं. तू मात्र मागच्या दारी नेऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, दोनदा, तीनदा. "किती हलकं लागत असन वं," म्हणालीस. आणि लगेच आत निघून गेलीस, जसं काही चुलीवर दूध ठेवलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात कोहमाऱ्याहून स्थळ आलं. मुलगा नोकरीचा, माणसं आपल्यातलीच, आईनं नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. माझे केस तेव्हा मानेपर्यंत आले होते, पुढून पाहिलं तर मुलासारखे दिसायचे. आईनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तुला हाक मारली.

"तुले माईत आहे न, कसं घालतेत ते. हिले घालून दे."

मी ताटावरून उठले. ज्या गोष्टीसाठी हिनं तुला चार वर्षं टोचलं, तीच आता हिच्या लेकीच्या डोक्यावर हवी होती, आणि तीही तुझ्याच हातून. मला वाटलं, आता वहिनी फाडकन बोलणार. मी वाट बघत होते, खरं तर बोलावंस असं वाटत होतं. तू हात धुतलेस, पदराला पुसलेस.

"मी घालून देनार नाई, आत्याबाई. शिकवीन. तिची तिनं घालाची."

"येवढं काय शिकाचं त्यात?"

"माया पाहनीच्या दिवशी मामीनं घालून देल्ली होती," तू म्हणालीस. "इथं आल्यावर मले घालताच ये ना. म्हनून तं त्या दिवशी सरपनावर काढून ठेवली."

आई गप्प बसली. तुझ्यासमोर तिला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी मात्र गप्प बसले नाही. केस उतरवून आलेल्या पोरीनं बाजारातले केस लावून लग्नाला उभं राहायचं, हे मला जमणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तू म्हणालीस, "घालाचं का नाई ते मंग ठरवजो. आधी येऊ तं दे."

आठवडी बाजारातल्या बांगड्यावालीकडून तू गंगावन आणलंस. नवं गंगावन चमकतं, म्हणून त्याला चुलीची राख चोळून धुतलंस आणि सावलीत वाळवलंस. मग भिंतीवरचा आरसा काढून पेटीमागे ठेवलास. मी म्हटलं, आरसा काऊन काढला? तू म्हणालीस, "सासरी पयल्या दिवशी पहाटे उठशील तं आरसा कोठं टांगला आहे तेबी माईत नसन तुले. हातानं पाहाचं."

त्या शिकवणीइतका छळ मला कोणी केला नाही, वहिनी. पाण्यानं केस चापून मागे घ्यायचे. काळ्या दोऱ्यानं एवढीशी शेंडी आवळून बांधायची. गंगावनाचा फास शेंडीखाली सरकवायचा, वरून आकडा खोचायचा, तो डोक्याच्या कातडीला लागलाच पाहिजे. मग तीन पेड करायचे आणि प्रत्येक पेडात आपले थोडे, त्याचे थोडे. पहिले दोन वळसे दात-ओठ खाऊन. माझे आखूड केस पेडातून बाहेर यायचे, हात मागे धरून खांद्याला कळ लागायची, आकडा हातातून पडायचा. मी रडकुंडीला येऊन म्हणायचे, दुखते वहिनी. "दुखते तं बसलं समज. नाई दुखे तं पडन." आणि वेणी झाली की मला अंगण झाडायला लावायचीस, हापशावरून पाणी आणायला लावायचीस, आणि मी बेसावध असले की मागून येऊन वेणीला हिसका द्यायचीस. पहिले काही दिवस गंगावन तुझ्या हातात यायचं आणि तू ते माझ्या नाकासमोर नाचवायचीस. एकदा हिसका इतका जोराचा होता की मी वळून म्हटलं, आईचा राग माझ्यावर काढतेस का? तू हसलीस. "थोडासा," म्हणालीस.

एक दिवस तू ओढलंस आणि ते आलं नाही. पुन्हा ओढलंस. मी तोल जाऊन मागे तुझ्यावर आले, पण वेणी जागची हलली नाही. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. घालायचं की नाही हे मी अजून ठरवलं नव्हतं, तरी मला आतून फार बरं वाटलं.

पाहुणे आले. मी वेणी घातली होती. आईच्या धाकानं नव्हे, येते आता म्हणून घातली. मुलगा, त्याचा बाप आणि त्याची काकी. काकी सडक अर्जुनीकडची, तुझ्या माहेरच्या गावात तिचं जाणं-येणं होतं, हे कळलं आणि तुझं तोंड उतरलं. चहा झाल्यावर काकी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आली, मलाही ये म्हणाली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो घसरत घसरत वेणीवर आला. तू चुलीपाशी पाठमोरी होतीस. तिनं वेणी मुठीत घेतली, खालपर्यंत नेली आणि एक बारीक हिसका दिला. तुझ्या हातातली सांडशी थांबलेली मला दिसत होती. "केस चांगले आहेत पोरीचे," काकी म्हणाली आणि बाहेर गेली. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, जिंकलेल्या माणसाचं.

आणि मग मी ते घालवलं, नाही का? बैठकीत मुलाच्या बापानं रीत म्हणून मला विचारलं, तुले काही विचाराचं आहे का बेटा? मी म्हटलं, विचारायचं नाही, दाखवायचं आहे. आणि हात मागे नेला. पण तू शिकवलेली वेणी, ती काय अशी सुटते! आकडा निघेना, फास निघेना. भर बैठकीत मी दोन्ही हात मागे घेऊन ओढते आहे, आईचा चेहरा पांढरा पडला आहे, मुलगा कप हातात धरून बघतो आहे. शेवटी निघालं. मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, मागच्या उन्हाळ्यात शिबिरात मुंडन केलं होतं, माझे केस एवढेच आहेत.

म्हातारा भला होता. "शिबिरात बसली होती, चांगलं केलं," म्हणाला. काकी नव्हती भली.

"चांगलंच केलं जी. मंग लपवलं काऊन?" आणि दारात उभ्या असलेल्या तुझ्याकडे बघत तिनं विचारलं, "कोनं घालून देल्ली येवढी पक्की?"

"मीच घातली," मी म्हटलं. ते खरंच होतं. पण तिची नजर तुझ्या वेणीवरून हलत नव्हती आणि तू पदर डोक्यावर घेतलास.

कोहमाऱ्याहून निरोप आला नाही. आई मला एक शब्द बोलली नाही, सगळं तुला बोलली. "घालाले शिकव म्हनलं होतं तुले. काढाले नाई." मी मध्ये पडले तर मला हाताला धरून बाहेर काढलं. आणि मग त्या दुपारी गोठ्यामागे आपलं भांडण झालं, जे अजून मिटलेलं नाही.

मी म्हटलं होतं, वहिनी, तूपण काढून टाक ना. एकदाचं काय व्हायचं ते होऊन जाऊ दे, रोजचं मरण तरी जाईल. मला वाटलं, मी फार मोठं बोलले.

तू भयंकर चिडलीस. "तुले सोपं आहे वं. तुनं काढलं तं म्हनतीन पोरगी हिमतीची आहे. मी काढलं तं म्हनतीन इतके वर्स फसवलं आमाले. तुया मागं माय आहे. शिव्या देईन, पन आहे. माया मागं कोन आहे?"

"मी आहे," मी म्हटलं.

"तू उद्या लगन करून चालली जाशील."

मी खरंच लग्न करून गेले, तेही गावातल्या गावात, पण गेले ते गेलेच. तू आईपाशी राहिलीस, आणि दादानं फुलचूरला घर बांधलं तर आईला घेऊन तिकडे गेलीस. तुझं म्हणणं खरं होतं हे मला मान्य आहे. पण माझं म्हणणं खोटं होतं, हे मी अजून मान्य केलेलं नाही. तुझ्यापुढे बसून हे एकदा नीट बोलायचं होतं. आपण दर वेळी चहा, भाजी, पोरांची परीक्षा यांवर बोललो आणि बसची वेळ झाली.

धाकटा झाल्यावर माझे केस मुठीमुठीनं गेले. तू बाळाला बघायला आलीस, टोपडी-झबली काढलीस आणि शेवटी पेपरात गुंडाळलेलं एक पुडकं माझ्या उशाशी ठेवलंस. उघडलं तर गंगावन. राख चोळून धुतलेलं. मी वर पाहिलं तर तू तोंडात पदर कोंबून हसत होतीस, आणि मग मीही, टाके दुखेपर्यंत. तेव्हापासून रोज घालते. पहाटे, पोरं झोपलेली असताना, दिवा न लावता. कोणी विचारलं तर सांगते, गंगावन आहे म्हणून. बाजारात भर गर्दीत डोक्याला लावून रंग जुळतो का बघते. एकदा तू सोबत असताना मी असं केलं आणि तू माझी ओळखच नाही अशी पलीकडच्या टमाट्याच्या ढिगाशी जाऊन उभी राहिलीस. घरी येईपर्यंत बोलली नाहीस माझ्याशी.

आणि हे शेवटचं दवाखान्यातलं. तपासणीला नेताना त्यांनी डोक्यातले आकडे काढायला सांगितले. तू चादर डोक्यावर घेऊन आत हातानंच सगळं काढलंस आणि माझ्या पिशवीत, डब्याखाली ठेवायला लावलंस. परत आल्यावर पुन्हा घालायला बसलीस. एका हाताला सुई लावलेली, दुसऱ्यात जीव नाही. मी म्हटलं, दे, मी घालते. तू माझा हात झटकलास. मी घाम पुसत बसले आणि तू अर्धा तास त्या वेणीशी झुंजत राहिलीस, मध्ये थांबून दम खात. मला राग आला, रडू आलं, आणि तोंडातून नको ते निघालं. "मेल्यावर कोण घालून देणार आहे तुला?"

तू माझ्याकडे पाहिलंस, अगदी शांतपणे. "तवा मी थोडीच पाहाले येनार आहो," म्हणालीस.

आता सांग, याचा मी काय अर्थ लावू? मेल्यावर काय, नसली तरी चालेल, असा? की तू काय करशील ते मला दिसणार नाही, म्हणून तुझ्यावर सोडते, असा? तुला आंघोळ घालताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. आई पाणी घालत होती, मी तुझे केस सोडले, आकडे एकेक करून काढले. गंगावन बाजूला ठेवलं. तुझे खरे केस ओले होऊन कपाळाला चिकटले आणि तू एकदम लहान दिसायला लागलीस. चांगली दिसत होतीस. तेही तुला कधी सांगायचं राहिलं.

दाराच्या फटीतून आत घेतलेलं पांढरं लुगडं नेसवलं. बाहेरून दादानं दार वाजवलं, "झालं का? गाडी आली." बाया कुजबुजत होत्या. मी गंगावन हातात घेऊन बसले होते. माझ्या मतानं चालायचं तर ते पिशवीत टाकून दार उघडायचं. होऊ दे काय व्हायचं ते, बघू दे लोकांना, आता तुला कोण काय बोलणार? पण तू जिवंत असताना माझ्याशी हजारदा उलटून बोललीस. आता बोलू शकत नव्हतीस. उलटून बोलता येत नाही अशा माणसाशी वाद जिंकून मी काय मिळवणार होते? मी फणी घेतली.

आणि मला येईना, वहिनी. तुझ्या उशाशी बसून मी शेंडी बांधली, फास सरकवला, पेड धरले, आणि हात उलटेच चालायला लागले. दुसऱ्याच्या डोक्यावर मी कधी घातलंच नव्हतं. साधी वेणी येते, कोणाचीही घालून देईन. हे मात्र तू मला माझ्याच डोक्यावर शिकवलंस, हात मागे नेऊन, न बघता. डोळ्यांसमोर ठेवलं तर कोणता पेड कुठला तेच कळेना. दोन वळसे घालून मी ओढून पाहिलं आणि गंगावन हातात आलं. पुन्हा घातलं. पुन्हा आलं. आकडा सतरंजीवर पडला आणि सापडेना. दार पुन्हा वाजलं. भाभीचा आवाज आला, "दीदी, कितनी देर?"

"काय करून रायली तू?" आई भिंतीशी बसून बघत होती.

"जमत नाही आई. माझ्याच डोक्यावर येते मला. दुसऱ्याच्या नाही येत."

आईनं आकडा शोधून माझ्या हातात दिला. एवढंच. मी तुझ्याकडे बघत बसले, आणि मग मला सुचलं ते असं सुचलं की आता लिहिताना विचित्र वाटतं. मी म्हटलं, आई, हिला उठवून बसव. समोरून धर. तुझं अंग अजून आखडलं नव्हतं. आई गुडघ्यांवर सरकत आली, म्हातारी, तिला तिचंच अंग पेलत नाही, पण तिनं तुझ्या काखेत हात घालून तुला बसती केली आणि तुझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मी मागे गेले, वळले, आणि तुझ्या पाठीला पाठ लावून बसले.

तुझे केस आपल्या दोघींच्या पाठीमध्ये आले. मी हात मागे नेले आणि डोळे मिटले. लुगड्यातून तुझा गारवा माझ्या पाठीला लागत होता. आणि मग हात चालले, वहिनी, रोज पहाटे चालतात तसे. शेंडी, फास, आकडा, तीन पेड. तुझे थोडे, त्याचे थोडे. पहिले दोन वळसे मी दात-ओठ खाऊन घातले. दार वाजत होतं, दादा काहीतरी म्हणत होता, मी ऐकलं नाही. खालपर्यंत गेले, गोंडा बांधला. सवयीनं एक हिसका दिला. वेणी जागची हलली नाही.

"झालं आई," मी म्हटलं. "ठेव आता तिला."

आईनं ठेवलं नाही. मी वळले. तिनं दोन्ही हात तुझ्या पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले होते आणि तुझ्या कानाशी तोंड नेऊन ती काहीतरी बोलत होती, हळू, थांबून थांबून. मला एक शब्द कळला नाही. मी तिचे हात सोडवायला गेले तर तिनं मला कोपरानं ढकललं. चौदा-पंधरा वर्षं एका घरात राहून आईनं तुला कधी असं जवळ घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगते, मला आईचा राग नाही आला. तुझा आला. आज बोलत होती ती तुझ्याशी, आणि तू डोळे मिटून बसलीस.